नावानं हाक

लोणावळ्याच्या डॉक्टरांच्या ओसरीवर दिगंबरपंत मासिकातली भयकथा वाचत बसले होते. शेजारी मळवलीच्या सरुबाई मास्तरीणबाईंना विचारत होत्या.

“आत डाक्टरकडं गेलेल्या मास्तरास्नी झालंय तरी काय?”

“मासिकात गोष्ट वाचली हो. त्यातला माणूस मुळात नसतोच, म्हणून त्याला कोणी नावानं हाक मारत नाही. तेव्हापासून झोप नाही. एकच धोशा, मला नावानं हाक मार.”

दिगंबरपंतांनी मासिक मिटलं.

“नवऱ्याचं नाव? आन् तुमी काय केलं?”

“महिनाभर ‘अहो’च म्हटलं. घरात सासूबाई आहेत. ते रडायचे. काल मात्र सासूबाईंच्या देखत घेतलं नाव, चांगलं चारदा.”

“मंग?”

“सासूबाई कालपासून माझ्या हातचं जेवत नाहीत.”

“आन् मास्तर?”

“ते म्हणाले, कोणाला बोलावतेस?”