नळीभर रक्त

दादा: बाटली आणलीस? पर्स उघड आधी.

धाकटी: बस तरी, दादा. मी आल्यापासून रिकाम्या खुर्चीभोवती घिरट्या घालतोयस. आणि आरशावर टॉवेल कशाला?

दादा: गालावरची ही जखम किती वेळा बघू? गिऱ्हाइकं दारातून बघतात नि परत फिरतात. एक वाळूमाशी चावून जंतू सोडून गेली, अख्खं दुकान वाळीत पडलं.

धाकटी: तुझ्याशेजारी बसून कुणाला ती होत नाही, हे सांगायचंस ना!

दादा: हातात वस्तरा धरून सांगितलेलं कोण ऐकतं? बाटली काढ, चिमे. बेडकाच्या कातडीतलं तुझं ते... काय ते...

धाकटी: पेप्टाइड. प्रथिनाचा इवलासा तुकडा.

दादा: त्यानं माझ्या जखमेतले जंतू पटापट फुटतात म्हणालीस. फोनवर नुसती नाचत होतीस!

धाकटी: काचेच्या ताटलीत फुटले रे.

दादा: मग माझा गाल ताटली समज. डॉक्टर भर जखमेत औषधाची सुई खुपसतात, माहितीये? दोनदा सोसलं. तिसऱ्यांदा पळून आलो, तुझ्या भरवशावर.

धाकटी: म्हणूनच आलेय. मागच्या खेपेला तू नळीभर रक्त दिलंस ना?

दादा: दिलं की. तुझं औषध माणसाला झेपतं का बघायला.

धाकटी: एरवी आम्ही प्रयोगशाळेतले आपापलंच देतो. या वेळी मला तुझंच हवं होतं.

दादा: मग? झेपलं?

धाकटी: जंतू मेले.

दादा: बघ!

धाकटी: तुझ्या तांबड्या पेशीही फुटल्या. नळीतलं पाणी लालभडक.

दादा: ...सगळ्या?

धाकटी: मोजायला फारशा उरल्याच नाहीत.

दादा: म्हणजे बाटली आणलीच नाहीस.

धाकटी: आणली असती तर तू गालाला लावायचा थांबला असतास? आता तो तुकडा थोडा थोडा बदलून बघू. पण त्यात वर्षं जातील, आणि तुझी जखम नाकाकडे सरकलीये.

दादा: आशा कशाला लावलीस मग?

धाकटी: मलाच आधी लागली होती, दादा. चल ना. दवाखाना अजून उघडा आहे.

(तो आरशावरचा टॉवेल काढतो. बराच वेळ बघत राहतो.)

दादा: एका अटीवर. सुई आत असेपर्यंत तू बोलत राहायचं. गिऱ्हाईक हलू नये म्हणून मी बोलतो ना, तसं.

धाकटी: मला कुठे जमतं तसलं?

दादा: काहीही बोल. फक्त थांबू नकोस.

धाकटी: बरं... मग काय शेठ, कानावरचे जरा बारीक करू?