अरुंद पावलांचे बूट

हेल्मेटची काच बदलायला आलेली नर्स दुकानातल्या लांब बाकावर बसली होती. शेजारी साठीच्या एक बाई दुकानदारानं काढून दिलेले बायकर बूट घालून बघत होत्या.

"हाही ढगळच. चालताना टाच वर येतेय."

"पाऊलच फार अरुंद आहे काकू. जाड मोजे घाला की."

"घातलेत. आमचे हे म्हणायचे, तुझी पावलं म्हणजे नुसत्या फूटपट्ट्या."

"मग हा बघा. घोट्याशी पट्टा आवळता येतो."

"हा बसला हो. अगदी मापाचा."

"उभ्यानं नाही कळायचं. बाकावर बसा, गाडीवर बसतात तशा. ताई, जरा उठता का?"

नर्स उठली. बाई बाकाच्या दोन्ही बाजूंना पाय टाकून बसल्या.

"गाडी नवीन?" दुकानदारानं विचारलं.

"घरचीच, ह्यांची. हे गेल्यापासून वर्षभर झाकून ठेवली होती. आता शिकतेय चालवायला."

"झकास. टाका गिअर. अहो, एवढ्या मागे कशाला बसलात? पुढे सरका."

"हो, सरकते."

"आणि हात खाली घ्या. हँडल काय खांद्याएवढं उंच असतं?"

"घेते हो खाली. जरा थांबा."