बाबांनी चालवायला सांगितलेला शब्द

पुसदच्या दवाखान्यात रत्नप्रभाबाई सोमवारच्या उपासानं, हातात माळ घेऊन नंबराची वाट पाहत होत्या. शेजारच्या बाकावर बहीणभाऊ कुजबुजत होते. त्यांचे वडील, संस्कृतचे निवृत्त मास्तर, नळावर पाणी प्यायला गेले होते.

"साकेत, डॉक्टर म्हणतात, बाबा दिवाळी पाहणार नाहीत. त्यांना काही कळू देऊ नको."

"नाही ताई. मी राहतो त्या आइसलँडमध्ये अशा माणसासाठी एक विशेषण आहे, फेइगुर. ज्याचं मरण जवळ येऊन ठेपलंय, तो."

"हळू! आले बाबा."

"काय शब्द म्हटला रे साकेत? फेइगुर? चालव बरं."

"बाबा, इथे कुठे..."

"काहून? नंबर लागेस्तोवर भिंती पाहत बसू काय?"

"फेइगुर, फेइगन, फेइगुम, फेइग्स."

"चारच विभक्त्या? भलतेच आळशी लोक आहेत तुझे! अन् बाईसाठी?"

"फेइग."

"मूळ कुठचं?"

"फार जुना शब्द आहे. जर्मन भाषेतही आहे, पण तिथे त्याचा अर्थ भित्रा असा झाला."

"अन् तुमच्याकडे?"

"थकलेला."

"भैरवी, तू कायले डोळे पुसून राह्यली?"

"कचरा गेला बाबा."

रत्नप्रभाबाईंनी माळ हळूच पिशवीत ठेवली.

"साकेत, मी तुले कोण्या शब्दाचा खोटा अर्थ सांगितला काय कधी?"

"नाही बाबा."

"अन् मी जर्मनांचा फेइगुर नाही. आता तुमच्याकडचा अर्थ सांग."

"बाबा, आधी बसा."