मनुबाईचा थेंब

(आष्ट्याची शाळा, १९६५. लढाईतल्या जवानांसाठी रक्तदानाचं शिबिर.)

अर्जुना : बगा बाई, माझा थेंब कसा दगडावानी तळाला गेला! आन ह्या आमच्या कारभारणीचा, मनुबाईचा बसलाय वर तरंगत.

डॉक्टरीणबाई : हसू नका अर्जुना. मोरचुदाचं पाणी आहे हे. रक्त कसदार असलं तर थेंब बुडतो. मनुबाई, तुमचं रक्त फार कमी आहे. घेता येणार नाही.

मनुबाई : घ्या की वो थोडं. माझा भाऊ हाय सरहद्दीवर.

अर्जुना : आगं, माझं घेतील की दोघांच्या वाटणीचं! काहिलीतला गूळ उतरवणारा गुळव्या हाय मी, काय साधासुधा न्हाई.

डॉक्टरीणबाई : तुमचंही नाही घेणार.

अर्जुना : आँ! समद्या गावाला सांगून आलोय. आता काय तोंड दाखवू? काय खोट हाय माझ्या रगतात?

डॉक्टरीणबाई : नको तितकं आहे. रक्ताचा कस नळीत मोजला, अठराच्या वर; पंधरा-सोळा पुरे. त्यात दाब वाढलेला. आणि मनगटाची ही रक्तवाहिनी बोटाखाली कडक लागते. बिड्या ओढता?

अर्जुना : गुळाच्या चुलवानापाशी जाळ घालत बसणाऱ्याला बिडी लागतीच. पन माझं काय बी दुखत न्हाई!

डॉक्टरीणबाई : दुखलं असतं तर वेळेवर आला असता. वाहिनी आतून कडक होते, ते माणसाला कळत नाही.

मनुबाई : मला कळलं हुतं बाई. गेल्या दिवाळीत ह्यास्नी तेल लावताना मनगट सुतळीवानी लागलं. माझ्या बाचं बी असंच लागायचं. बा बसल्या जागी गेला.

डॉक्टरीणबाई : मग तेव्हाच का नाही आणलंत?

मनुबाई : दवाखान्याचं नाव काढलं की अंगावर येत्यात. जवानांचं नाव काढलं, लगीच पटका बांधला!

अर्जुना : आरं तिच्या! फशिवलंस व्हय मला?

डॉक्टरीणबाई : उपकार माना तिचे. पण मनुबाई, बाळंतपणानंतर रक्त वाढायचं औषध दिलं होतं ना? प्यायला नाहीत?

अर्जुना : बाई, त्ये मीच प्यालो. ही म्हणली, राबणाऱ्या माणसाला ताकद पायजे.

डॉक्टरीणबाई : तुम्हाला गरज नव्हती आणि हिचं राहून गेलं. दुसरी असती तर अंथरूण धरलं असतं. ही उभी कशी राहते, याचंच मला नवल वाटतं.

अर्जुना : नुसती उभी? पाटंला दळती, म्हशींची धार काढती. मला ताप हुता तवा चुलवानात जाळ हिनंच घातला. एवढ्याशा रगतावर! आन मी गालफाडं लाल म्हणून मिरवतोय. लय मोठी बाई हाय माझी. कवा म्हणलो न्हाई तिला.

मनुबाई : आवं, चारचौघांत काय ह्ये!

डॉक्टरीणबाई : म्हणू द्या की. पण अर्जुना, बिडीचं काय?

अर्जुना : ह्यो बिड्यांचा कट्टा ठेवा हितंच. गोळ्या द्या, घेतो. माझं मनगट आता हिच्या हवाली.

डॉक्टरीणबाई : मीठही कमी करा. मनुबाई, जेवणात काय असतं तुमच्या?

मनुबाई : समद्यांचं झाल्यावर उरंल त्ये.

अर्जुना : आज घरी गेल्यावर आदी तू बसायचं.

मनुबाई : आन वाढणार कोन?

अर्जुना : मी हाय की.