रिकाम्या काचेचं पीक

— नाही हो, डबा उघडू नका, बर्फ वितळेल. आणि तिथे ठेवूही नका, ते टेबल सरांचं आहे. पेपरात वाचून आलात ना? वाटलंच. ‘रक्ताचा एक थेंब, प्रकाशाचा एक झोत, आणि कॅन्सरचं निदान’ — त्या फोटोत सर मशीनला टेकून उभे आहेत, आणि त्यांच्या मागे अर्धं कोपर दिसतंय ना, ते माझं. मशीन मी चालवते. सर टेकतात.

आईचं रक्त आहे का? म्हणजे डॉक्टर म्हणाले सुई घालून पोटातला तुकडा काढायचा, आई घाबरली, आणि मुलाला नेमका पेपर सापडला. छान. आता आलाच आहात तर ऐकून जा. काचेच्या पट्टीवर थेंब वाळवायचा, त्याच्यावर लेसर सोडायचा. प्रकाश थेंबावर आपटून चहूकडे विखुरतो — त्यातला चिमूटभर रंग बदलून येतो, आणि रक्तात काय काय आहे ते सांगतो. हे खरं आहे हां, यात थट्टा नाही. पडद्यावर रेघ वर-खाली होत जाते, आणि उंच टोक आलं की त्याला आम्ही पीक म्हणतो. शेतातलं नव्हे — पण सरांना मात्र भरघोस आलं. आजारी माणसांच्या रक्तात हे एवढं पीक, धडधाकटांच्या रक्तात तिथे नुसतं माळरान. मग काय, टाळ्या, सत्कार, परिषदा.

आता गंमत ऐका. धडधाकटांचे नमुने मी लावते, सकाळी, दिवे बंद करून, कारण मला तसं शिकवलंय. पेशंटचे नमुने हॉस्पिटलातून येतात दुपारी, ते सर स्वतः लावतात — आणि सरांना अंधारात चष्मा सापडत नाही. म्हणून ही ट्यूब चालू ठेवतात. ही, डोक्यावरची. गेल्या महिन्यात मी ती चालू ठेवून नुसती काच लावली — धुतलेली, कोरी, थेंब नाही की काही नाही. तर पीक आलं. रिकाम्या काचेला कॅन्सर. ट्यूबचा उजेड तो, दुसरं काय? सरांना दाखवलं, तर म्हणाले काच बदल. बदलली. तिलाही झाला.

हसू नका, आमच्या घरात या मशीनला फार मान आहे. सासूबाईंचं वर्षभर एकच — ताट पुढे आलं की पोटात दुखतं. त्यांनाही डॉक्टरांनी सुईच सांगितली होती. नवरा म्हणाला, बायको एवढं मोठं मशीन चालवते, मग आईला कशाला टोचायचं? आणलं मी रक्त. रेघ छापून हातात दिली — बघा आई, सपाट, काही नाही तुम्हाला. ती त्यांनी कपाटाच्या दाराला चिकटवलीय, आल्यागेल्याला दाखवतात, सुनेनं काढलीय म्हणून. तेव्हापासून कुरकुर बंद. ताट अर्धं परत येतं, आणि परवा त्यांचे सगळे कपडे मला शिवून लहान करावे लागले — वय झालं म्हणा. दुखतं का विचारलं, तर म्हणतात, छे, मशीननं सांगितलंय ना, मग कसं दुखेल? घर कसं शांत झालंय. मला बरं वाटत होतं हो ते.

कधी लावलं म्हणजे? सकाळीच. माझी वेळच सकाळची. ट्यूब? बंद — आत्ताच सांगितलं ना, सकाळी मी दिवे —

ट्यूब बंद असली की सपाटच येणार. तुमच्या आईचं, माझं, कुणाचंही.

उठा तुम्ही. डबा घ्या तो, इथे त्याचा काही उपयोग नाही. आईला आजच न्या, रडली तरी न्या, हात धरून बसा तिचा. माझ्याकडे काय बघताय? मशीन बंद आहे म्हणून सांगा घरी. जा म्हणते ना.

थांबा. गाडी आणलीय का? वाटेत आमचं घर लागतं.