उतरलेला आकडा

आयसीयूबाहेर माझ्या शेजारच्या बाकावर मायलेकी बसल्या होत्या. आत थोरली लेक, फ्लूनं व्हेंटिलेटरवर.

“रक्तातला तो आकडा उतरलाय म्हणे. जावई सांगत होते.”

“आई, डॉक्टर पुढे काय म्हणाले ते ऐकलंस का? शरीर लढतं तेव्हा पांढऱ्या पेशींचा तो आकडा चढतो. ताईच्या अंगात आता लढायचं त्राणच उरलं नाही, म्हणून उतरलाय.”

“शुभ बोल गं जरा. शांत पडलीये बिचारी.”

“शांतच! लग्न झाल्यावर रोज फोन करून रडायची. ‘मला घेऊन जा’ म्हणायची. आठवतंय?”

“सुरुवातीला जड जातंच गं सगळ्यांना.”

“मग फोन बंद झाले. तेव्हा नातेवाइकांना काय सांगत सुटली होतीस?”

“रुळली म्हणून सांगितलं. रुळलीच होती ती.”

“रुळलेली बाई एवढा ताप अंगावर काढते? ओठ निळे पडेपर्यंत स्वयंपाक करत होती. तुला तरी कळवलं तिनं?”

“मला उगाच काळजी नको, म्हणून नसेल कळवलं.”

“काळजी कसली? तू ‘जमवून घे’ म्हणणार, हे तिला पाठ होतं.”

तेवढ्यात जावई रिपोर्ट नाचवत आले.

“आई, आणखी उतरला बघा! घरी सगळ्यांना कळवून टाकतो.”

“कळवाल हो. आधी इथे बसा, जावईबापू. आमची पोर तुमच्या घरात कधीपासून गप्प होती?”