वॉर्डातली पकड

तुम्ही हसता माझ्या जुजुत्सूला, पण एकदा ते कामाला आलं हां. सेहेचाळिसाव्या वर्षी, वॉर्डातली ड्युटी संपवून, मिरजोळ्याच्या त्या क्लासच्या शेडमध्ये आठ महिने मी नुसती मॅटवर दाबली जात होते. सर सांगायचे, "ही विद्या जपान्यांनी ब्राझीलला नेली. तिथल्या किरकोळ अंगाच्या माणसांनी ती जमिनीवर लढायची केली. मारायचं नाही, धरून ठेवायचं. समोरचा दमतो." मला वाटायचं, दमायला मी आहेच.

मग एका दुपारी संगमेश्वरची एक म्हातारी आमच्या वॉर्डात वारली. तिचा मुलगा चांगला आडदांड. त्याने सरळ आमच्या नव्या डॉक्टरणीचा गळा धरला. मी मागून त्याच्या कमरेला मिठी घातली, त्याला घेऊन खाली बसले आणि दोन्ही पाय त्याच्या पोटाभोवती अडकवले. डॉक्टरीण सुटली. तो हात झाडत होता, शिव्या देत होता. मी डोकं त्याच्या पाठीला टेकवून घट्ट धरून राहिले. सकाळपासून तेवढंच काय ते बसणं झालं होतं माझं.

हळूहळू तो ढिला पडला. वॉचमन धावत आला.

"सिस्टर, सोडा आता. मी बघतो त्याला."

मी हात काढायला लागले, तर म्हातारीच्या मुलानेच माझं मनगट धरलं.

"जरा राहू दे ओ," तो म्हणाला. "घरी आता कोणच नाय."

वॉचमनला मी मानेनेच थांब म्हटलं.